टोकन टाकले की पन्नास चेंडू : एका वितरणयंत्राची घडण

गोल्फच्या सराव रेंजवर चेंडू देणारे जे जुने यंत्र होते, त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून एक काठी कायम उभी असायची. टोकन टाकल्यावर मोटर फिरल्याचा आवाज यायचा, टोपलीत आठ-दहा चेंडू पडायचे आणि मग नुसतीच घरघर ऐकू यायची. अशा वेळी झाकण उघडून आतल्या ढिगात काठी खुपसली की उरलेले चेंडू धडाधड कोसळायचे, कधी पन्नासाच्या जागी सत्तर. रेंजच्या व्यवस्थापकांनी मला बोलावले ते हे यंत्र दुरुस्त करण्यासाठी. परंतु तासभर ते चालताना पाहिल्यावर, त्यात दुरुस्त करण्यासारखे काही बिघडलेलेच नाही, हे माझ्या लक्षात आले. मोटर ठीक होती, सर्किट ठीक होते, टोकन ओळखणारा भागही ठीक होता. चेंडूंचा ढीग पाण्यासारखा वाहील असे गृहीत धरून ते यंत्र बांधलेले होते, आणि ढीग तसा वाहत नाही.

मैदानावरून चेंडू गोळा करून धुणारे एक काका तिथे बरीच वर्षे काम करत होते. ते म्हणाले, "मॅडम, काठी आहे म्हणून हे चालतंय. पहाटे मी नसतो, तेव्हा लोक टोकन टाकतात आणि हात हलवत परत जातात." मला हवी असलेली कामाची व्याख्या त्या दोन वाक्यांत मिळाली. आजूबाजूला कोणीही नसताना, पहाटेच्या दमट हवेत, रात्रभर बंद राहिलेल्या यंत्राने पहिल्याच टोकनाला मोजून पन्नास चेंडू द्यायचे आणि ते शक्य नसेल तर मुळात टोकन घ्यायचे नाही, एवढीच ती व्याख्या होती. पुढच्या वर्षभरात मी जे काही केले, ते या एका वाक्याशी ताडून पाहत केले.

कामाला हात घालण्यापूर्वी एक हिशेब मांडला. दहा हजार चेंडूंमागे एकदाच अडकणारे यंत्र ऐकायला उत्तम वाटते; पण टोपली पन्नास चेंडूंची असेल, तर दहा हजार चेंडू म्हणजे दोनशे टोपल्या, आणि गजबजलेल्या रेंजवर दोनशे टोपल्या एका दिवसात जातात. म्हणजे ते उत्तम यंत्र रोज एकदा अडकणार. अडकण्याचे प्रमाण कमी करणे हे अर्धेच काम असून, अडकल्यावर माणसाच्या मदतीवाचून स्वतःला सोडवून घेणे हे उरलेले अर्धे, ही गोष्ट या आकड्याने मला पहिल्याच दिवशी शिकवली.

मग चेंडूकडे वळले. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांच्या नियमांनुसार गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. या वाक्यातला व्यासाचा भाग नीट वाचला, तर यंत्र बांधणाऱ्याने दचकावे असे त्यात काही आहे: नियम किमान व्यास सांगतो, कमाल सांगत नाही. व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची मोजपट्टी) घेऊन मी रेंजवरचे चेंडू एका बैठकीत मोजून काढले. धुतलेले बहुतेक चेंडू किमान मापाच्या अगदी जवळ होते. मात्र चिखलाचा थर वाळलेले चेंडू जवळजवळ एक मिलिमीटरने फुगलेले होते, आणि फटका मारायच्या काठीच्या, म्हणजे क्लबच्या, कडेने ज्यांचे कवच चिरले होते, त्यांच्या चिरेची एक कड ओठासारखी वर आलेली होती. ती कड बोटाला जेमतेम जाणवते, परंतु घट्ट नळीत तीच पाचरीचे काम करते. जुन्या साठ्यात दोन चेंडू चक्क लहान निघाले, व्यास ४१.१५ मिलिमीटरच्या आसपास. आर अँड ए च्या अखत्यारीत १९९० पर्यंत हा लहान चेंडू चालत असे, त्या काळचे ते अवशेष असावेत. नवे चेंडू समोर ठेवून यंत्राची मापे काढायची नाहीत, हा निश्चय त्या बैठकीत झाला.

तरीही माझा पहिला आराखडा चुकलाच. चेंडू एका नळीत एकामागे एक उभे राहतील आणि नळीच्या तोंडाशी दोन सोलेनॉइडच्या (वीज दिली की खुंटी खेचणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांच्या) खुंट्या आळीपाळीने आत-बाहेर होतील. खालची खुंटी मागे गेली की एक चेंडू सुटेल आणि वरची खुंटी बाकीची रांग थोपवून धरील, अशी ती रचना होती. कागदावर ती देखणी दिसते. टेबलावर नव्या चेंडूंनी ती तासभर एकही चूक न करता चालली, आणि मी मनोमन काम संपल्याचे समजून बसले. रेंजचे चेंडू भरल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच चिरलेला एक चेंडू नळीत रुतला. नळी रुंद केली, तर चेंडू सरळ रांगेत न राहता नागमोडी बसू लागले आणि दोन चेंडूंनी मिळून नळीच्या दोन्ही भिंतींवर जोर धरला. शिवाय सोलेनॉइड तापत होती. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. गुंडाळी ६० अंशांनी तापली, तर तेवढ्याच व्होल्टेजवर प्रवाह जवळजवळ एक पंचमांशाने घटतो, आणि खेचण्याचे बल प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे ते एक तृतीयांशाने कमी होते. म्हणजे ज्या वेळी गर्दी सर्वाधिक, नेमकी त्याच वेळी खुंटी सर्वांत दुबळी. तो आराखडा मी बाजूला ठेवला.

त्यानंतरचे काही आठवडे मी फक्त ढिगाचा अभ्यास केला. एकाच मापाचे गोळे कसेही ओतले, तर ते जागेचा साधारण ६० टक्के भाग व्यापतात; भांडे हलवून हलवून बसवले तरी अस्ताव्यस्त रचनेत ६४ टक्क्यांच्या पलीकडे जात नाहीत, आणि एकेक करून नीट रचले तरच ७४ टक्क्यांपर्यंत पोहोचतात. या हिशेबाने पाच हजार चेंडूंना सुमारे ३४० लिटरची टाकी लागते आणि त्यांचे वजन २३० किलो भरते. एवढे वजन वरून दाबत असताना चेंडू तळाच्या भोकातून का पडत नाहीत, असा प्रश्न पडतो. पण पडत नाहीत ते त्या दाबामुळेच. भोकाच्या तोंडाशी पाच-सहा चेंडू एकमेकांना टेकून कमान धरतात. दगडी पुलाची कमान जशी दगडांच्या परस्पर दाबावर उभी असते, तशीच ही कमान उभी राहते आणि वरचे वजन तिला आणखी घट्ट बसवते. ती पाहण्यासाठी मी हॉपरच्या, म्हणजे चेंडू साठवणाऱ्या टाकीच्या, एका बाजूला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावला होता. कमान बसण्याचा क्षण मला एकदा स्पष्ट दिसला: चार चेंडू एकदम तोंडाशी आले, पाचवा मधोमध उतरला, आणि सगळा ढीग हाताने थांबवावा तसा थबकला. तळावर भोक किती रुंद असावे, याचे उत्तर कणांच्या प्रवाहावर काम करणाऱ्यांनी प्रयोगांनी शोधलेले आहे. गोल कणांसाठी भोक व्यासाच्या साधारण पाचपटींहून मोठे असले, तर कमान बसण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. जुन्या यंत्राचे भोक होते १०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. काठी का लागत होती, ते उघड झाले.

परंतु पाचपट म्हणजे २१० मिलिमीटरहून मोठे भोक, आणि त्यातून एकेक चेंडू सोडता येत नाही; लोंढाच येतो. या पेचातच सारे गमक आहे, असे मला आजही वाटते. साठवणाऱ्या भागाने मोजण्याचे काम करायचे नाही आणि मोजणाऱ्या भागावर साठ्याचा भार पडू द्यायचा नाही. म्हणून हॉपरचे तोंड मी अक्षरशः त्याच्या तळाएवढे रुंद ठेवले, आणि तळ म्हणून एक फिरणारी तिरकी चकती बसवली. तळच हलता असला, की कमानीला पाय टेकायला स्थिर जागा मिळत नाही.

चकती ३०० मिलिमीटर व्यासाची असून तिच्यात सहा आरपार गाळे आहेत, प्रत्येक गाळा ४७ मिलिमीटरचा. ती जमिनीशी सुमारे ५० अंशांचा कोन करून बसते आणि तिच्या पाठीमागे एक स्थिर पाटा आहे. खालच्या बाजूला चेंडूंचा छोटा ढीग चकतीला टेकलेला असतो. गाळा त्या ढिगातून जाताना एक चेंडू आत घेतो आणि वर नेतो. गाळ्यावर दुसरा चेंडू चढून बसला असेल, तर चढणीवर तो आपोआप घरंगळून खाली परततो. सपाट चकतीच्या यंत्रात अशा जादा चेंडूला रोखण्यासाठी पट्टी किंवा ब्रश लावावा लागतो, आणि अर्धा आत, अर्धा बाहेर असलेला चेंडू त्या पट्टीखाली चिमटला जातो. तिरक्या चकतीत तो चिमटा काढणारा भागच नसतो. जादा चेंडू हटवण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि ते झिजत नाही की तुटत नाही. चकतीची जाडी मी २५ मिलिमीटर ठेवली. चेंडूची त्रिज्या २१.३ मिलिमीटर असल्यामुळे त्याचा सर्वांत रुंद भाग गाळ्याच्या आत राहतो आणि वर जाताना तो बाहेर लवंडत नाही. मात्र दुसऱ्या चेंडूला टेकायला खोबण मिळावी एवढी खोली वर उरत नाही.

गाळा माथ्यावर पोहोचला की पाठीमागच्या पाट्यातल्या खिडकीतून चेंडू पलीकडे पडतो. या खिडकीने मला सगळ्यांत जास्त छळले. पहिल्यांदा मी ती ५० मिलिमीटर लांब कापली, कारण चेंडू ४३ मिलिमीटरचा आहे, तेव्हा ५० पुरेत असे वाटले. यंत्र सावकाश फिरवले की सगळे सुरळीत चाले. वेग वाढवला की कडकन आवाज होऊन मोटर थांबे, आणि उघडून पाहावे तर चेंडू अर्धा गाळ्यात व अर्धा खिडकीत असा कातरीत सापडलेला. दोन दिवस मी कडा घासण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी कागद घेतला, आणि जे आधी करायला हवे होते ते केले. चकती मिनिटाला ३० फेरे घेते आणि गाळ्यांचे मध्य केंद्रापासून ११० मिलिमीटरवर आहेत, म्हणजे गाळा सेकंदाला सुमारे ३४५ मिलिमीटर सरकतो. चकती तिरकी असल्यामुळे चेंडूला पाट्याकडे खेचणारे त्वरण गुरुत्वाच्या फक्त ६४ टक्के, म्हणजे ६.३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. गाळ्यातून पूर्ण बाहेर पडण्यासाठी चेंडूला स्वतःच्या व्यासाइतके, ४३ मिलिमीटर, अंतर कापावे लागते, आणि त्याला ०.११७ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाळा ४० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे खिडकी किमान ८३ मिलिमीटर हवी. मी ती १०० ची केली आणि पुढची कड तिरपी घासली. शेजारच्या दोन गाळ्यांमधले अंतर ११५ मिलिमीटर असल्यामुळे एका वेळी दोन चेंडू खिडकीत येण्याचा प्रश्न नव्हता. त्या कातरीतला चेंडू मला पुन्हा कधी दिसला नाही.

मुख्य टाकीचे वजन चकतीवर येऊ नये म्हणून टाकी आणि चकती यांच्यामध्ये एक आडवा पाटा टाकून त्याखाली रुंद वाट ठेवली, जेणेकरून चकतीपाशी कायम दोन-तीन थरांएवढेच चेंडू असावेत. उंच, अरुंद कोठीत भिंतींचे घर्षणच बराचसा भार उचलते आणि तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही, हे जर्मन अभियंता यान्सन याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठ्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते; पण माझी टाकी रुंद व बुटकी असल्यामुळे त्या सवलतीवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

चेंडूंबरोबर आणखी एक पाहुणा येतो, त्याचा विचार मी केलेलाच नव्हता. मोडलेल्या टी, म्हणजे फटक्याआधी चेंडू ज्यांवर ठेवतात त्या छोट्या खुंट्या. गोळा करणाऱ्या गाडीबरोबर गवत, खडे आणि लाकडी टींचे तुकडे येतात. त्यांतले काही धुण्याच्या यंत्रातूनही सुटतात आणि चकती व पाटा यांच्या फटीत जाऊन बसतात. पाच मिलिमीटर जाडीचा तो तुकडा चकती जागच्या जागी रोखू शकतो. चकतीकडे उतरणारी वाट मग मी पत्र्याऐवजी गोल सळ्यांची केली आणि दोन सळ्यांमध्ये १८ मिलिमीटरची फट ठेवली. चेंडू वरून घरंगळतात, कचरा खालच्या काढता येण्याजोग्या ट्रेमध्ये पडतो आणि चेंडूंवरचे पाणीही तिथेच निथळते. हा बदल सगळ्यांत स्वस्त होता, आणि सगळ्यांत जास्त गुण त्यानेच दिला. चकतीच्या साहित्याबाबत थोडक्यात सांगते: पहिली चकती नायलॉनची होती, ओल्या चेंडूंच्या सहवासात तिने पाणी शोषले, ती फुगली आणि पाट्याला घासू लागली, दुसरी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची केली, ते पाणी जवळजवळ शोषत नाही.

आता मोजणी. प्रथम मी चकतीवर चुंबक लावून गाळे मोजत होते, आणि सहज लक्षात यावी अशी चूक त्यात होती: रिकामा गेलेला गाळाही मोजला जात होता. मोटर किती फिरली यावरून चेंडू किती गेले हे ठरवता येत नाही. खाली पडलेला चेंडूच मोजायला हवा. म्हणून खिडकीखालच्या नळीत इन्फ्रारेड किरण आडवा टाकला. पहिल्या दिवशी पन्नासाऐवजी त्रेपन्न-चोपन्न चेंडू पडू लागले. नळीच्या वळणावर कधीकधी मागचा चेंडू पुढच्याला गाठतो, आणि एकमेकांना चिकटून चाललेले दोन चेंडू मधोमध टाकलेल्या किरणाला एकच लांब वस्तू म्हणून दिसतात, कारण त्यांचा स्पर्शबिंदू नेमका त्या रेषेवर असतो. किरण मध्यापासून १४ मिलिमीटर बाजूला सरकवला, तर तिथे दोन गोळ्यांच्या कडा एकमेकींपासून दूर गेलेल्या असतात आणि साडेदहा मिलिमीटरची फट स्वच्छ दिसते. एक भोक दीड सेंटिमीटर बाजूला पाडण्याने जे काम झाले, ते करण्यासाठी मी त्याआधी आठवडाभर प्रोग्रॅममध्ये अटींवर अटी घालत बसले होते.

उन्हाचा प्रश्न वेगळा. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असते आणि सकाळचे तिरपे ऊन चेंडू बाहेर पडण्याच्या तोंडातून आत शिरत होते. रिमोट कंट्रोलमध्ये वापरतात तो ३८ किलोहर्ट्झचा किरण टिपणारा भाग (रिसीव्हर) मी आधी लावून पाहिला. पण त्यातले बरेचसे प्रकार सलग येणाऱ्या लहरींना गोंगाट समजून दाबून टाकतात, आणि काही क्षणांतच किरण चालू असूनही तो बंद असल्याचे सांगू लागतात. शेवटी साधा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे पडणारा प्रकाश मोजणारा भाग, घेतला. सेकंदाला हजार वेळा दिवा लावून एक मोजमाप आणि विझवून एक मोजमाप घ्यायचे व दोहोंची वजाबाकी करायची. ऊन दोन्ही मोजमापांत सारखेच असल्यामुळे ते वजा होऊन जाते. तीस सेंटिमीटर खाली आलेला चेंडू सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने जात असतो, म्हणजे पूर्ण चेंडू किरणासमोरून जायला १७-१८ मिलिसेकंद लागतात आणि बाजूला सरकवलेल्या किरणासमोरून तेरा-चौदा. एवढी मोजमापे एका चेंडूसाठी पुष्कळ झाली. किरण मोकळा असतानाची पातळी यंत्र प्रत्येक टोपलीच्या आधी तपासते. ती निम्म्यावर आली, तर काचेवर चिखल बसल्याची नोंद करून पिवळा दिवा लावते.

प्रोग्रॅम लिहिताना सर्वांत महत्त्वाचा वाटला तो एकच भेद: अडकणे आणि संपणे. चेंडू येत नाही, एवढ्यावरून दोन्ही सारखेच दिसतात. पण चकती अडकली तर मोटरचा प्रवाह एकदम चढतो, आणि टाकी रिकामी असेल तर मोटर हलकी फिरत राहते. गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर मी वापरली होती; चालताना ती दोन-तीन अँपिअर घेते आणि अडकली की पहिल्या दोन दशांश सेकंदांतच त्याच्या कितीतरी पट. तसे झाले, की यंत्र थांबते, चकती एक तृतीयांश फेरा उलटी फिरवते, क्षणभर थांबते आणि पुन्हा पुढे जाते. असे तीनदा. बहुतेक अडकण्या पहिल्याच उलट्या फेऱ्यात सुटतात, कारण उलट फिरताना ढीग हलतो आणि चेंडूंची मांडणी बदलते. तिसऱ्यांदाही सुटले नाही, तर यंत्र लाल दिवा लावते, टोकन घेणारी फट बंद करते आणि किती चेंडू द्यायचे राहिले ते लक्षात ठेवते. टाकीत सर्वांत मोठ्या टोपलीएवढे, म्हणजे शंभर चेंडू नसतील, तरीही टोकन स्वीकारले जात नाही. टोकन गिळून चेंडू न देणारे यंत्र त्या माणसाचा सकाळचा वेळ वाया घालवते, आणि तो वेळ परत करता येत नाही.

अर्ध्या टोपलीत वीज गेली तर? उरलेली संख्या प्रत्येक चेंडूनंतर मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या) कायम स्मृतीत लिहावी, असे आधी वाटले. परंतु त्या स्मृतीच्या एका जागी एक लाख वेळा लिहिण्याचीच हमी असते. दिवसाला पाच हजार चेंडू गेले, तर ती हमी वीस दिवसांत संपते. म्हणून सर्किटला ४७०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) दिला आणि मोटरची वाट डायोडने (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाने) वेगळी केली. वीज गेली की व्होल्टेज बारावरून सातावर येईपर्यंत, ५० मिलिअँपिअरच्या हिशेबाने, जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो. लिहायला काही मिलिसेकंद पुरतात. आता स्मृतीत फक्त वीज जाताना लिहिले जाते.

टोपलीत पडणारा चेंडू हाही एक प्रश्नच असतो, हे मी प्रत्यक्ष पाहीपर्यंत मानले नव्हते. कठीण फरशीवर सोडलेला गोल्फचा चेंडू निम्म्याहून अधिक उंची परत गाठतो. तारेच्या टोपलीत वरून पडणारे पहिले पाच-सहा चेंडू सरळ बाहेर उडत. नळीच्या तोंडाशी जाड रबराची झुलती झडप आणि पुढे मंद उताराची, रबर चिकटवलेली घसरण लावल्यावर चेंडू शांतपणे ओघळू लागले, आणि पत्र्यावरचा खडखडाटही थांबला.

चाचणी कशी घ्यावी याबद्दल माझे मत ठाम आहे. एकदाही न अडकता जितके चेंडू गेले, तितक्यांत जास्तीत जास्त तीन अडकण्या असू शकतील, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, असा संख्याशास्त्रातला एक सोपा नियम आहे. म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी असे म्हणायचे असेल, तर तीस हजार चेंडू सलग, माणसाचा हात न लागता गेले पाहिजेत. सेकंदाला तीन या वेगाने हे पावणेतीन तासांचे काम आहे, आणि तेवढा वेळ न देता कोणी आपल्या यंत्राला खात्रीचे म्हणू नये. काकांना मी सांगितले की चांगले चेंडू नकोत, तुम्ही एरवी बाजूला काढता तेच द्या. त्यांनी दोन पोती भरून चिरलेले, चिखलाचे, रंग उडालेले चेंडू आणले, आणि वर मूठभर टींचे तुकडे स्वतःच्या हाताने टाकले. पहिल्या फेरीत यंत्र चार वेळा मदतीसाठी थांबले. प्रत्येक वेळी जिथे थांबले, त्या जागेचा फोटो काढून, कारण सापडेपर्यंत पुढे न जाण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला. सळ्यांची वाट आणि खिडकीची तिरपी कड, दोन्ही त्याच चार थांब्यांतून निघाल्या. त्यानंतरची तीस हजारांची फेरी पूर्ण झाली. तिच्यात उलटा फेरा घेण्याचे प्रसंग आले, पण हात लावावा लागला नाही.

यंत्र रेंजवर बसल्यापासून दर महिन्याला मी त्याची नोंद काढून पाहते. कोणत्या तासाला किती वेळा उलटा फेरा घ्यावा लागला, एवढाच तो तक्ता असतो. पावसाच्या दिवशी धुतलेले चेंडू रात्रभर टाकीत राहिले, की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दोन टोपल्यांत हे प्रसंग वाढतात, आणि तिसऱ्या टोपलीपासून पुन्हा नेहमीसारखे होतात. ओले चेंडू एकमेकांना धरून ठेवतात, आणि चकतीपाशी त्यांचा थर रात्रीत दबून बसतो, असा माझा अंदाज आहे. पहिल्या टोकनाच्या आधी, रेंज उघडण्याच्या वेळेला, चकती आपणहून एक फेरा उलटी आणि अर्धा फेरा पुढे फिरवण्याची ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली आहे. त्या अर्ध्या फेऱ्यात एखादा चेंडू पडलाच, तर तो पहिल्या टोपलीत जादा जातो आणि मोजणीत धरला जात नाही. टाकीच्या तळालाही निथळण्यासाठी भोके पाडायची आहेत, ते काम पुढच्या आठवड्यात आहे.